अठरा लंगडी अक्षरं

४ फेब्रुवारी

वन्सं,

आधी खुशाली विचारायची असते म्हणून विचारते, बऱ्या आहात ना? मी बरी नाही. काल शाळेतून येताना पेपर घेतला तर पहिल्याच पानावर तो माणूस हसत उभा. गळ्यात बो, हातात हातमोजे, मागे भिंतीवर आपलं दिव्याचं पोस्टर. खाली ठळक छापलंय, 'साध्या अक्षरांचा जनक'. संग्रहालयात त्याच्या नावाची अख्खी खोली होणार आहे म्हणे. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणे जनक! आपण त्याला वेलबुट्टे म्हणायचो ते काय उगाच? साबणाची जाहिरात असो की आगबोटीची, कोपऱ्यात वेल काढल्याशिवाय या गृहस्थाला चैन पडत नसे. अक्षरांना शेपट्या, शेपट्यांना पानं, पानांना कळ्या. ह्यांनी पहिल्यांदा काळ्याभोर कागदावर एक पिवळा दिवा आणि 'उजेड' एवढा एकच शब्द ठेवला, ना पाय ना शेपटी, तेव्हा 'नागडी अक्षरं' म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण हसलं होतं? हाच. सहा महिन्यांनी गावभर तशीच पोस्टरं लागली, तेव्हा त्याच्या कोपऱ्यातल्या वेली एकाएकी वाळल्या.

नऊ वर्षं झाली ह्यांना जाऊन. तोवर पोस्टरवर ह्यांची आणि त्याची, दोघा भागीदारांची सही असायची. पुढच्या छपाईत एकच उरली. मी तेव्हा रडत बसले होते, भांडायचं राहून गेलं. ते आता भांडते.

आणि ऐका, त्याचं पत्रही आलंय मला. एक फाउंड्री त्या अक्षरांचे खिळे ओतणार आहे, देशभरच्या छापखान्यांना विकायला. पण पोस्टरांत मिळून वापरली गेली सव्वीसच अक्षरं. अठरा कमी पडतात. 'वहिनी, तुमच्या ट्रंकेत जुने कागद असतील तर पाठवा, पुस्तकात आभार मानीन.' जनकाला स्वतःची अठरा लेकरं आठवेनात, बघा!

मला ह्यांचं नाव त्या भिंतीवर हवंय. आणि त्या माणसाला चारचौघांत तोंडघशी पडलेलं बघायचंय. त्याची पोस्टरं छापतात त्याच छापखान्यात तुम्ही आहात. काहीतरी सुचवा.

लोभ असावा, त्याच्यावर मात्र नसावा.

तुमची वहिनी

११ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

पत्र पोचलं. पेपर इथेही आला होता. आमच्या मालकांनी तो दारालाच चिकटवला आहे, त्यामुळे मला तो हसरा चेहरा रोज आठ वेळा दिसतो.

माझं नेहमीचंच चाललंय. दगडावर उलटी अक्षरं काढते आणि कागदावर ती सुलटी उमटतात. बावीस वर्षं हेच काम आहे. गेल्या आठवड्यात आरशात बघून केस विंचरताना दुकानाची पाटी मला आरशातूनच सरळ वाचता आली आणि बाहेर बघून वाचता येईना, असं झालं. हसा.

संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर उद्घाटनासाठी एक पोस्टर लागणार आहे. दोन पुरुष उंच, त्या अक्षरांतलं. चार दगडांवर चार तुकडे करून छापायचं. वेलबुट्टे रेखाटन देणार आणि मी ते दगडावर चढवणार. फाउंड्रीचे मालक ते पोस्टर भिंतीवर बघूनच खिळ्यांचा करार करणार आहेत, असं इथे बोलतात.

वहिनी, तुम्ही रागात आहात आणि राग खोटा नाही. पण माझं ऐका. त्याला काही पाठवू नका. 'कागद नाहीत' एवढंच कळवा, म्हणजे तो आपोआप अडेल. आणि एक विचारते, त्या ट्रंकेत खरंच अक्षरं आहेत का? दादाच्या हातची? तुम्ही स्वतः पाहिलीत?

तब्येतीला जपा. शाळेच्या त्या गारठलेल्या वर्गात शाल घेऊन बसत जा.

नणंद

२० फेब्रुवारी

वन्सं,

गप्प बसा म्हणजे तो अडेल? तो अडत नाही हो. तो दुसऱ्या कुणाच्या ट्रंकेत हात घालेल. तुम्ही लहानपणापासून अशाच. कुणी पायावर पाय दिला तर आपलाच पाय मागे घेणार.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ट्रंकेत अक्षरं नाहीत. दिव्यांची, बुटांची, आगपेट्यांची चित्रं आहेत, अक्षर एक नाही. म्हणून मीच काढली.

दचकू नका. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत माझी उमर गेली, कंपास आणि पट्टी मला धरता येते. सव्वीस अक्षरं पुढ्यात ठेवून उरलेली अठरा त्यांच्या वळणाने बसवली, आणि मुद्दाम एका गोष्टीत चुकवली. एकदा हे जेवताना सांगत होते की गोल अक्षर पट्टीने मोजून ओळीत बसवलं तर ते शेजारच्यांपेक्षा लहान दिसतं, म्हणून त्याला ओळीच्या खाली थोडं उतरू द्यायचं. आणि आडवी रेघ उभीइतकीच जाड काढली तर जास्त जाड दिसते, म्हणून ती बारीक ठेवायची. डोळा फसतो, तेव्हा त्याला आधीच फसवून ठेवायचं, असं म्हणाले होते.

मी माझ्या अठराच्या अठरा अक्षरांत सगळं अगदी समान ठेवलं. पट्टी लावून बघा, एक दोरा इकडेतिकडे नाही. कागद चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, कडा चुरगळून पाठवूनही दिला. हातभर कागदावर कुणाला कळणार नाही. दोन पुरुष उंच झालं की रस्त्यावरून जाणाऱ्या पोस्टमनलाही कळेल. वेलबुट्टेला मात्र कळणार नाही, कारण त्याला डोळा नाहीच. त्याला मिशा आहेत.

तुमच्याकडून एकच हवंय. ते रेखाटन दगडावर आलं की जसंच्या तसं चढवा. चांगुलपणा करून कुठे हात फिरवू नका. सगळ्यांदेखत लंगडू दे त्याला.

वहिनी

३ मार्च

ती. वहिनींस,

तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं. पण आता गाडी सुटली.

काल वेलबुट्टे स्वतः आले. दगडांच्या खोलीत कधी उतरत नाहीत, कपड्यांना शाई लागते म्हणून. काल दारापर्यंत आले आणि तुमचे कागद खिडकीशी धरून मालकांना दाखवू लागले.

"हे माझे सुरुवातीचे कागद," म्हणाले. "एका जुन्या परिचितांकडे राहिले होते."

"चहा सांडलाय की हो," मालक म्हणाले.

"तेव्हा आम्ही चहावरच जगत होतो!" आणि दोघं खूप हसले.

मग मला म्हणाले, "बाई, यात काही बदलू नका हं. मोजून काढलंय सगळं." मी मान हलवली. शब्द निवडलाय 'आरंभ', त्यातली दोन अक्षरं तुमच्या अठरांतली आहेत. चौकटी आखून मी पहिल्या दगडावर लाल खडूने ते उतरवून घेतलं.

पण वहिनी, हात ऐकत नाही. गोलाशी आला की आपोआप खाली उतरतो. काल तीन वेळा उतरला आणि तीन वेळा मी पुसलं. आज दुसरं काम घेऊन बसले. तुम्हाला ही हट्टाची गोष्ट वाटेल, मला ती तशी वाटत नाही. दुरुस्त केलं तर तो माणूस तरून जातो. नाही केलं तर जे लंगडतं ते त्याचं नसतं, हे तुम्हाला कसं समजावू?

एक सांगाल? दादा ते गोलाचं, जेवताना, कधी बोलला होता? दिव्याच्या पोस्टरच्या आधी की नंतर? आठवून लिहा. मी तोवर दगड झाकून ठेवते.

नणंद

८ मार्च

वन्सं,

आधी की नंतर, काय करायचंय तुम्हाला? माणूस गेला, त्याची ताटवाटी कुठली होती तेही विचाराल.

हात ऐकत नसेल तर बांधून ठेवा. नोकरीची भीती वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा, मी समजून घेईन. पण मोठमोठे विचार करून मला दमवू नका. अक्षरं तुमच्या दादाची. तुम्ही ती दगडावर नुसती गिरवलीत. बावीस वर्षं गिरवलीत तशीच आणखी एकदा गिरवा, आणि यावेळी डोकं न लावता. सख्ख्या भावासाठी एवढंही होत नसेल तर माझ्या दाराशी येऊ नका.

वहिनी

२ एप्रिल

ती. वहिनींस,

जवळजवळ महिना मी लिहिलं नाही. तुम्ही सांगितलंत तसं केलं. 'गिरवा' म्हणालात, गिरवलं. केसभरही हात खाली उतरू दिला नाही.

परवा सकाळी पोस्टर भिंतीवर चढलं. चारही तुकड्यांच्या कडा जुळतात की नाही ते बघायला मी तिथेच होते. तुमचा अंदाज बरोबर होता. एक अक्षर नीट उभं, आणि बाकीची दोन जणू कुणी त्यांचे बूट पळवलेत अशी. आधी रस्त्यावरचे लोक थांबले, मग हसले. शाळेच्या पोरींची एक रांग चालली होती, ती थांबून मान वाकडी करून बघू लागली. संग्रहालयाचे अधिकारी बाहेर आले, फाउंड्रीचे मालक आले. वेलबुट्टे सर्वांत शेवटी आले, हातमोजे घालून.

"हे काय झालं?" फाउंड्रीच्या मालकांनी विचारलं.

"छापखान्यातल्या बाईंनी बिघडवलं," ते म्हणाले. "दगडावर चढवताना."

मी पिशवीतून त्यांचंच रेखाटन काढलं आणि फुटपट्टीसकट मालकांच्या हातात दिलं. मालकांनी मोजलं. एक दोरा इकडेतिकडे नव्हता.

"मग यात दुरुस्ती करून दाखवा," असं म्हणून मालकांनी त्यांना कोळशाची कांडी दिली आणि शिडी पुढे केली. वहिनी, तुम्हाला हे बघायला हवं होतं. ते शिडीच्या दोन पायऱ्या चढले, कांडी गोलावर टेकवली, काढली, पुन्हा टेकवली. कपाळाला घाम. मग खाली उतरून म्हणाले, "खरं सांगायचं तर ही अक्षरं माझी नाहीत. माझ्या दिवंगत भागीदाराची आहेत. आदरापोटी मी त्यांना हात लावला नव्हता."

तुम्हाला दादाचं नाव त्या भिंतीवर हवं होतं. कालच्या पेपरात आलं आहे, पूर्ण नावानिशी. 'ज्याला साधा गोल काढता येत नव्हता असा भागीदार.' कात्रण सोबत आहे.

आता माझं ऐका. दिवा दादाचा होता, ते काळंभोर त्याचंच, हे मी कधी नाकारणार नाही. पण त्याने मला दिलेल्या चित्रात 'उजेड' या शब्दाला पाय होते, किरणं होती. त्या दिव्याशेजारी मला ते बघवेना. छपाई त्याच दुपारी सुरू व्हायची होती. मी सगळं खरवडून नुसती अक्षरं ठेवली आणि गोल खाली उतरवले, कारण तसे ते बरे दिसले. दादाने पहिला ठसा बघितला आणि सगळ्या खोलीसमोर माझ्यावर ओरडला. महिन्याने लोक वाहवा करू लागले, तेव्हा येऊन हळूच विचारलं, "गोल खाली का गं उतरवलेस?" मी सांगितलं. ते त्याने तुम्हाला जेवताना सांगितलं. म्हणून विचारत होते, आधी की नंतर.

त्यानंतर तो मला चित्रं द्यायचा ती शब्दाची जागा कोरी ठेवून. सव्वीस अक्षरं मी त्या कोऱ्या जागांत काढली. एकदा म्हटलं, माझं नाव घाल. म्हणाला, "बाईचं नाव बघून कोण काम देईल? घरातच आहे ना?" वेलबुट्टेंनी दादाचं चोरलं असं तुम्ही म्हणता. दादाने आधी चोरलेलं त्यांनी पुन्हा चोरलं, एवढंच. दोघांची बोटं स्वच्छ होती. शाई माझ्या नखांत आहे.

मी मालकांच्या हातून कांडी घेतली आणि शिडी चढले. दोन गोल खाली आणले, आडव्या रेघा दोन्ही बाजूंनी, कडा झाकायला आणलेल्या पांढऱ्या रंगाने खाल्ल्या. पंधरा मिनिटं लागली. खाली कुणी हसत नव्हतं. मालकांनी विचारलं, "ही अक्षरं मुळात कुणाची?" मी म्हटलं, "माझी." करार माझ्या नावाने होतोय. उरलेली अठरा मी नव्याने काढते आहे. वेलबुट्टेंच्या खोलीचं दार संग्रहालयाने सध्या बंद ठेवलं आहे.

आणि दादा? लंगडी अक्षरं त्याची नव्हेत, ती वहिनींनी मुद्दाम काढून पाठवली, हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी बोलले नाही. तो माझ्या बाबतीत जितकी वर्षं गप्प बसला, तितकी मी आता त्याच्या बाबतीत बसेन. मला बरं वाटलं, वहिनी. हे लिहायला लाज वाटत नाही.

त्याचं नाव धुवायचं असेल तर तुम्हीच धुवा. ती अठरा लंगडी अक्षरं मी काढली, असं पेपरात लिहा. मग शाळा तुम्हाला ठेवेल की नाही ते मला माहीत नाही.

गिरवणारी

९ एप्रिल

वन्सं,

कात्रण वाचलं. तुमचं पत्र दोनदा वाचलं.

सूड मला शिकवायला निघालात, आणि चांगला शिकवलात. एका दगडात दोघांना लोळवलंत. मी त्या माणसासाठी खड्डा खणला आणि त्यात ह्यांना ढकललं, हे समजायला मला एक अख्खा दिवस लागला. दिवसभर वर्गात मुलींवर ओरडत होते. शेवटी एकीने पाणी आणून दिलं.

आज सकाळी संपादकांना पत्र टाकलं. त्याची नक्कल मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवून आले. लिहिलंय, 'अठरा सदोष अक्षरं मी, एका चित्रकला शिक्षिकेने, फसवण्याच्या हेतूने, स्वतःच्या हाताने काढली. माझ्या पतींचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. मूळची सव्वीस अक्षरं माझ्या नणंदेची आहेत.' मुख्याध्यापिका वाचून म्हणाल्या, "बाई, घरी जा." आले.

तुमच्यावर उपकार म्हणून लिहिलं नाही. ह्यांना कुणी चोर म्हणालं तर मी सोसेन. ह्यांना गोल काढता येत नव्हता असं म्हटलेलं मला सोसणार नाही. तुमच्यावरचा राग तसाच आहे आणि तो तसाच राहणार.

पण एक तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते सांगितल्याशिवाय मी सुटत नाही. तुमचा नेम चुकला, वन्सं. शेवटच्या आठवड्यात ह्यांचा श्वास पुरत नव्हता, तरी उशाला टेकून मला लिहायला बसवलं. 'अक्षरं सगळी तिची आहेत. माझी सही खोडून तिची घाला.' खाली सही केली. सही कागदाबाहेर गेली. म्हणाले, "छापखान्यात नेऊन दे. मला तोंड नाही." मी हो म्हटलं.

माझ्याकडे त्या माणसाचं दुसरं काय उरणार होतं? मूल नाही, घर भाड्याचं. एक नाव होतं, तेही तुम्हाला देऊन टाकायचं? तो कागद मी चुलीत घातला. नऊ वर्षं लोकांना सांगत राहिले की अक्षरं ह्यांची, आणि इतकं सांगितलं की 'गिरवलीत' असं तुम्हाला लिहिताना हात अडखळला नाही.

ते गप्प बसले नव्हते. मी बसवलं त्यांना.

वहिनी